कारंजं कोणी उडवलं?

बेलापूर म्हटलं की हल्ली बहुतेकांना नवी मुंबई आठवते. मी सांगतो आहे ते बेलापूर प्रवरेच्या काठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. जिल्ह्याला आता आपण अहिल्यानगर म्हणतो, तेव्हा अहमदनगर म्हणत होतो. तिथल्या एका शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. त्या वर्षांतली एक चूक आज तुम्हाला सांगायची आहे. चूक माझीच, आणि ती दाखवून दिली आठवीतल्या एका मुलीनं.

गोष्ट २००८ च्या जानेवारीतली. प्रार्थना संपून मुलं वर्गाकडे निघाली होती. तेवढ्यात एक बाई पाचवीतल्या मुलाचा हात धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, ह्याला जरा तुम्हीच समजावा. रात्रभर झोपला नाही, मलाही झोपू दिलं नाही. म्हणतो, आई, माझं पोट फुटणार."

झालं होतं असं. पोरानं पैज लावून मेंटॉसच्या दोन गोळ्या खाल्ल्या आणि वर अर्धी बाटली कोला प्याला. पैज जिंकल्यावर मोठ्या मुलांनी त्याला सांगितलं, की असं केल्यावर परदेशात एक मुलगा जागच्या जागी मेला. ही अफवा त्या सुमारास ई-मेलवरून सगळीकडे फिरत होती आणि तोंडोतोंडी आमच्या गावापर्यंत आली होती. तिच्या जोडीला मोबाइलमध्ये एक चित्रफीत फिरत होती. बाटलीत गोळ्या टाकल्या, की कोलाचं उंच कारंजं उडतं. ते कारंजं खरं होतं, त्यामुळे अफवाही खरी वाटायची. जे बाटलीत होतं ते पोटात का होणार नाही, हा त्या मुलाचा प्रश्न काही वेडगळ नव्हता.

"काल प्यालास आणि आज माझ्यासमोर उभा आहेस, म्हणजे झालं की," असं म्हणून मी त्याला वर्गात पाठवलं. पोरगं गेलं, पण पटलेलं दिसलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं.

दुसऱ्या तासाला आठवीत गेलो, तर तिथंही हाच विषय. मी खडू उचलला आणि आत्मविश्वासानं सांगून टाकलं, की कोला आम्लधर्मी असतो. गोळीत काहीतरी आम्लारी असणार. लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकला की फसफसतो, तशीच ही रासायनिक अभिक्रिया. फळ्यावर समीकरणसुद्धा लिहिलं. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "सर, म्हणजे गोळीत खायचा सोडा असतो?"

मी म्हणालो, "असेल."

शिक्षकानं "असेल" म्हणावं ते पुढं "बघू या" म्हणायचं असेल तरच. मी तसं म्हटलं नाही. घंटा झाली, मी निघून गेलो. पण ती बघणार होती. दुसऱ्या दिवशी ती घरून हळदीनं रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या करून घेऊन आली. हळदीचा कागद आम्लारी द्रावणात तांबूस होतो, हे मीच त्यांना सहामाहीआधी शिकवलं होतं. तिनं खायचा सोडा पाण्यात कालवला, पट्टी बुडवली, ती तांबूस झाली. मग गोळी पाण्यात विरघळवून पट्टी बुडवली. ती पिवळीधमक राहिली. शेवटी त्या गोळीच्या पाण्यात तिनं लिंबू पिळलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. माझं फळ्यावरचं समीकरण तिथंच संपलं.

राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो. सी. व्ही. रामन यांच्या १९२८ मधल्या शोधाची ती तारीख. त्या दिवशी पालकांना बोलावून काही प्रयोग दाखवायची आमची पद्धत होती. मी वर्गाला म्हणालो, की यंदा हेच दाखवू. पण कारंजं उडवून टाळ्या घ्यायच्या नाहीत, ते का उडतं हे शोधून दाखवायचं. आम्ही शिक्षकांनी थोडी वर्गणी काढली. दोन लिटरच्या बाटल्या परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून छोट्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घेतल्या. शेजारच्या किराणा दुकानातून काटा मागून आणला. बाटलीचं वजन आधी करायचं, नंतर करायचं, म्हणजे किती कोला बाहेर गेला ते कळतं. उंची डोळ्यांनी मोजताना प्रत्येक मूल आपापल्या गोळीच्या बाजूनं थोडं वाढवून सांगतं. काट्याचं तसं नसतं.

नियम एकच ठेवला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिल्या दिवशी रात्रभर उघडा ठेवलेला, वायू उडून गेलेला कोला घेतला. आम्ल तेच, गोड तेवढंच, रंग तोच. गोळ्या टाकल्या, त्या मुकाट्यानं तळाशी जाऊन बसल्या. मग नुसता पिण्याचा सोडा घेतला, ज्यात पाणी आणि वायूखेरीज फारसं काही नसतं. त्यात गोळ्या टाकताच तो उसळून वर आला. म्हणजे कोलाचं आम्ल, त्याचा रंग, त्यातलं कॅफिन, यांपैकी कशावाचूनही काम अडत नव्हतं. अडत होतं ते वायूवाचून. गोळी वायू तयार करत नव्हती. वायू बाटलीत आधीपासूनच होता, गोळी त्याला फक्त बाहेर काढत होती.

किती वायू असतो? एक लिटर कोलात साधारण साडेतीन ते चार लिटर कार्बन डायऑक्साइड दाबून विरघळवलेला असतो. हातात मावणाऱ्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत दोन लिटरभर वायू कोंबलेला असतो म्हणा ना. द्रवावरचा दाब जितका जास्त, तितका वायू जास्त विरघळतो, हे विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलं. झाकण उघडलं की दाब जातो, आणि तेवढा वायू पोटात ठेवणं द्रवाला परवडत नाही. पण म्हणून तो लगेच निघून जातो का? नाही. झाकण काढलेली बाटली तासभर ठेवली तरी कोला बऱ्यापैकी चरचरीत राहतो. एवढी घाई असलेला वायू थांबतो कशासाठी?

तो थांबतो, कारण बुडबुड्याला जन्म घेणं फार अवघड असतं. फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यांत जड जाते, एकदा थोडा फुगला की पुढं सोपं. बुडबुड्याचं काहीसं तसंच. पाण्याचा पृष्ठताण बुडबुड्याला सगळीकडून आवळत असतो, आणि बुडबुडा जितका लहान तितका आवळ जास्त. अगदी सूक्ष्म बुडबुडा जन्मतो न जन्मतो तोच चिरडला जातो. त्याला आयती जागा मिळाली, जिथं आधीच हवेचा एक कण अडकून बसला आहे, तर पहिल्या फुंकरीचं कष्ट वाचतं. पेल्यात सोडा ओतल्यावर बुडबुड्यांची माळ नेहमी एकाच ठिकाणाहून निघताना तुम्ही पाहिली असेल. तिथं एखादा ओरखडा असतो, नाहीतर पुसायच्या फडक्याचा तंतू चिकटलेला असतो.

आणि खरं म्हणजे हे आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी गोटी सोड्याच्या गाडीवर उभे राहा. गाडीवाला अंगठ्यानं गोटी आत ढकलतो, पेल्यात लिंबू पिळतो, सोडा ओतून मीठ टाकतो आणि सोडा फसफसून पेल्याबाहेर येतो. मीठ काही सोड्याशी अभिक्रिया करत नाही. त्याचे खरखरीत खडे बुडबुड्यांना जागा देतात. ती गोटीची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ मध्ये नोंदवली. आत सोड्याच्या वायूचाच दाब गोटीला वर रेटून तोंड बंद ठेवतो. जन्मभर गोटी सोडा पिऊनही मला मिठाची आठवण झाली नव्हती. झाली ती एका मुलाला. तो म्हणाला, "सर, आमचा आजा सोड्यात मीठ टाकतो तेव्हा पण असंच होतं."

मग जागेचाच माग काढायचा ठरला. एका मुलानं खिशातल्या काचेच्या गोट्या दिल्या. गुळगुळीत गोटी सोड्यात टाकली तर चार-दोन बुडबुडे आले. तीच गोटी पायरीच्या दगडावर घासघासून आंधळी केली आणि ताज्या सोड्यात टाकली, तर ती बुडबुड्यांनी मढून गेली. यानंतरचा प्रयोग मुलांच्या सर्वांत आवडीचा ठरला. एकानं गोळी तोंडात धरून वरचं आवरण विरघळवलं आणि ती गुळगुळीत झालेली गोळी बाटलीत टाकली. कारंजं अगदीच मरगळलेलं. काट्यावरही फरक दिसला. कोऱ्या गोळ्यांनी जवळजवळ निम्मी बाटली रिकामी केली होती, चघळलेल्या गोळीनं तिच्या अर्ध्यानंही नाही. गोळीची पूड करून टाकली, तेव्हाही कारंजं बसकंच निघालं.

हे सगळं आम्ही शाळेच्या आवारात करत होतो तेव्हा एका मुलाचे वडील कुंपणाशी सायकल टेकवून बघत उभे होते. ते साखर कारखान्यात पॅनमन होते. आमचा भाग उसाचा. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता, लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केलेला सहकारी कारखाना १९५० पासूनचा. घराघरांत कोणी ना कोणी कारखान्यात. पॅनमनचं काम म्हणजे निर्वात पॅनमध्ये रस आटवून साखरेचे दाणे पाडायचे. थोडा वेळ बघून ते म्हणाले, "सर, हे तर आमचंच काम आहे की. पाक आटून आटून इतका घट्ट होतो, की त्यात मावत नाही इतकी साखर असते. तरी दाणा पडत नाही. मग आम्ही बारीक दळलेली साखर टाकतो. तिच्याभोवती दाणा धरतो. ती टाकली नाही तर एक तर पडतच नाही, नाहीतर पडतो तो कसाही, लहान-मोठा."

मी वर्गात दोन दिवस जे समजावत होतो ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. मी त्यांना आत बोलावलं आणि पुन्हा एकदा वर्गासमोर बोलायला लावलं. ते लाजले, पण बोलले. पाकातली साखर आणि कोलातला वायू, दोन्ही बाहेर पडायला तयार, दोन्ही कुणीतरी सुरुवात करून देण्याची वाट बघत असलेले. अवर्षणाच्या आमच्या जिल्ह्यात आणखी एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक होतं. २००३ मध्ये राज्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला होता, पुढं २०१५ मध्येही झाला. विमानातून ढगांत फवारतात ते पाऊस नसतो, थेंब धरायला लागणारे कण असतात. ढगात बाष्पच नसेल तर कितीही फवारा, पाऊस नाही. उघड्या ठेवलेल्या कोल्यात गोळी टाकून आम्ही हेच पाहिलं होतं.

ता. २८ ला पालक आले. पाचवीतला तो मुलगाही आईबरोबर पहिल्या रांगेत होता. कारंजं माणसाच्या डोक्याच्या बरंच वर गेलं, टाळ्या पडल्याच. पण नंतर त्या हळदीच्या पट्टीवाल्या मुलीनं उघड्या कोल्यातली मुकी गोळी दाखवली, चघळलेली गोळी दाखवली, आणि त्या मुलाकडे बघून म्हणाली, "तू गोळ्या चघळून खाल्ल्यास ना? मग त्यांची खरखर तोंडातच गेली. आणि कोला पिताना अर्धा वायू तुझ्या नाकातोंडातूनच गेला. राहिलेला ढेकर देऊन गेला. आला होता की नाही ढेकर?"

"दोन आले," तो म्हणाला. सगळे हसले. तोही हसला.

या उत्तरात फारशी दुरुस्ती करावी लागत नाही. कोला ओतताना, तोंडात घोळताना, गिळताना बराच वायू निघून जातो. गोळी लाळेनं ओली आणि गुळगुळीत होते. आणि जठर म्हणजे झाकण लावलेली बाटली नव्हे, त्याला वरून वाट असते. अति केलं तर पोट फुगेल, मळमळेल, उलटी होईल. मरण्याच्या त्या गोष्टीला आजवर आधार सापडलेला नाही. मात्र बाटली तोंडाला लावून त्यात गोळ्या टाकण्याचा आचरटपणा करू नये, ठसका लागू शकतो. गोळ्या टाकून झाकण घट्ट लावण्याचा खेळही करू नये. काचेच्या बाटलीत हा प्रयोग कधीच करायचा नाही, आणि बाटलीवर वाकून बघायचं नाही. आम्ही मैदानात, बाटली विटांच्या मध्ये रोवून केला होता.

आमचा प्रयोग फेब्रुवारीत झाला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत टोन्या कॉफी या प्राध्यापिकेचा याच विषयावरचा निबंध 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये आला. आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी हे काम केलं होतं. तो मला बऱ्याच नंतर वाचायला मिळाला. वाचताना मला गंमत वाटत राहिली, कारण त्यांनीही आधी आणि नंतर आम्लता मोजली होती, ती बदललेली नव्हती. त्यांनीही बाटलीचं वजन केलं होतं. गोळी पृष्ठभागाला किती खडबडीत आहे हे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, आम्ही पायरीच्या दगडावर भागवलं.

अर्थात आमच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीही त्यात होत्या. गोळी नुसती खडबडीत असून भागत नाही, ती जड असल्यानं झपाट्यानं तळाशी जाते, आणि तळापासून निघालेले बुडबुडे वर येता येता वाटेतला वायू गोळा करत मोठे होतात. पूड का हरली ते मला तिथं कळलं. पूड सावकाश खाली जाते. दुसरी गोष्ट गोळीच्या आवरणातल्या डिंकाची. हा अरबी डिंक बाभळीच्याच कुळातल्या झाडाचा, तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, म्हणजे बुडबुड्याचा आवळ सैल करतो. साखरेऐवजी अ‍ॅस्पार्टेम घातलेल्या डाएट कोल्यात कारंजं उंच जातं, त्याचंही एक कारण असंच आहे. आणि कोमट कोला थंड कोल्यापेक्षा जास्त उडतो. हे मात्र आम्हाला माहीत होतं. एक बाटली उन्हात आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवून आम्ही ते पाहिलं होतं.

बाटलीत हा वायू येतो कुठून, हाही प्रश्न एकानं विचारला. उत्तर आमच्या दारातच होतं. मळी आंबवून मद्यार्क करताना जवळजवळ त्याच्या वजनाइतकाच कार्बन डायऑक्साइड निघतो. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम वायू, हे समीकरण मी या वेळी पडताळून मगच फळ्यावर लिहिलं. पेयांसाठी लागणारा वायू बराचसा अशा आसवन्यांतून आणि खतकारखान्यांतून येतो. जोसेफ प्रीस्टली यांना सोडा करायची कल्पना सुचली तीही १७६७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका बिअरभट्टीत, आंबवणाच्या पिंपावर साचलेला वायू बघून. हाच वायू रिकाम्या टाकीच्या तळाशी साचून राहतो. खात्री न करता टाकीत उतरणाऱ्या माणसाचा जीव त्यानं जातो. कारखान्यात जाणाऱ्या घरांतल्या मुलांना हे मी दर वर्षी सांगत आलो.

आणि एकदा तर या वायूनं सबंध गावं घेतली. आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये न्योस नावाचं सरोवर आहे, जुन्या ज्वालामुखीच्या मुखात. त्याच्या खोल पाण्यात जमिनीतून झिरपलेला कार्बन डायऑक्साइड वरच्या पाण्याच्या दाबाखाली विरघळून साठत होता. झाकण लावलेली बाटलीच ती. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तळचं पाणी कशानं तरी ढवळलं गेलं. वर येणाऱ्या पाण्यात बुडबुडे सुटले, बुडबुड्यांनी आणखी पाणी वर ओढलं आणि हवेपेक्षा जड असलेला तो वायू रात्रीत दऱ्यांमधून खाली उतरला. सतराशेहून अधिक माणसं गेली, गुरं तर किती तरी. त्यावरचा उपाय मात्र आमच्या मुलांना लगेच समजला असता. २००१ मध्ये सरोवरात खोलवर एक नळी सोडली. सुरुवातीला पंपानं पाणी थोडं वर खेचलं, की पुढं बुडबुडेच ते वर ढकलतात. पंप बंद केला तरी कारंजं चालू राहतं. वायू असा थोडा थोडा, दिवसरात्र बाहेर काढला जातो. कोलाच्या बाटलीतून एकदम उसळतं तेच, फक्त ताब्यात ठेवलेलं.

आमच्या वर्गाचा एक प्रयोग मात्र राहून गेला. वरचा दाब कमी झाला की वायू सुटतो, तर मग उंचावर, जिथं हवेचाच दाब कमी, तिथं कारंजं जास्त उडेल का? प्रश्न त्या मुलीचाच. आमच्या जिल्ह्यात अकोले तालुक्यात कळसूबाई आहे, १६४६ मीटर उंच, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. तिथं बाटल्या घेऊन चढायचं ठरलं. काटा कोण उचलणार यावर भांडणंही झाली. पण परीक्षा जवळ आली, सहल रद्द झाली आणि तो वर्ग पुढं गेला.

पुढं २०२० मध्ये अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी हेच केल्याचं मी वाचलं. समुद्रसपाटीखालच्या डेथ व्हॅलीपासून ४३०० मीटरच्या पाइक्स पीकपर्यंत ते बाटल्या आणि गोळ्या घेऊन फिरले. उंची वाढेल तसा फेसाचा जोर वाढत गेला, आणि तोही दाबाच्या साध्या हिशेबानं यायला हवा होता त्याहून जास्त. निबंध वाचून झाल्यावर मी त्या मुलीला फोन केला. ती आता पुण्यात नोकरी करते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, त्यांनी प्रत्येक ठिकाणी कोला सारखाच गार ठेवला होता का?"

मी म्हणालो, "बघून सांगतो."